पोर्ट म्हणजे नेमकं काय? बंदर, डावी बाजू, दारू आणि मोबाईल नंबर

खाडीकाठी

गेल्या महिन्यात बहिणीचा मोबाईल नंबर दुसऱ्या कंपनीकडे न्यायचा होता. आमच्या भाट्याच्या खाडीकाठी तिच्या घरात रेंजच येत नाही, अंगणातल्या माडाखाली उभं राहून बोलावं लागतं. दुकानदार म्हणाला, मेसेजमध्ये 'पोर्ट' लिहा, पुढे नंबर लिहा आणि 1900 ला पाठवा. सातवीतला भाचा बरोबर होता. तो म्हणाला, "मामा, पोर्ट म्हणजे बंदर ना? मग नंबर बंदर केला म्हणजे काय केलं?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी येईपर्यंत त्याच्या प्रश्नाला आणखी फाटे फुटले होते. मच्छीमार बोटीवरचे काका डाव्या बाजूला पोर्ट म्हणतात, कॉम्प्युटरच्या भोकाला पोर्ट म्हणतात, गोव्याच्या दुकानांत बाटलीवर पोर्ट लिहिलेलं असतं. एकाच शब्दाचे इतके अर्थ कसे? त्याला उत्तर द्यायचं म्हणून शोधायला बसलो आणि तीन आठवडे त्यातच गेले. जे सापडलं ते इथे मांडतो.

आधी आमच्या घराचं सांगतो, म्हणजे मला हा शब्द इतका का लागला ते कळेल. आजोबा खलाशी. रत्नागिरीकडचे कितीतरी लोक पी अँड ओच्या जहाजांवर डेकवर काम करायचे, त्यांतले एक. शेवटी सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, झाले होते. वडील मुंबईला पोर्ट ट्रस्टात. त्यामुळे लहानपणापासून 'पोर्ट' हा शब्द आमच्या घरात मीठमिरचीसारखा. "बाबा पोर्टात गेलेत" म्हणजे कामावर गेलेत. "पत्र कुठल्या पोर्टातून आलंय?" म्हणजे आजोबा सध्या कुठे आहेत. या शब्दाला आणखी काही अर्थ असेल असं कधी वाटलंच नाही.

तर सापडलं ते असं. इंग्रजीतला पोर्ट हा एक शब्द नाही. लॅटिनमधले तीन शब्द झिजत झिजत एकाच रूपात येऊन बसलेत. 'पोर्तुस' म्हणजे बंदर. 'पोर्ता' म्हणजे दार, वेस. 'पोर्तारे' म्हणजे वाहून नेणे. मोबाईल नंबर पोर्ट होतो तो या तिसऱ्या शब्दामुळे. पोर्टेबल म्हणजे नेता येण्याजोगा. ट्रान्सपोर्ट, इम्पोर्ट, एक्सपोर्ट, स्टेशनवरचा पोर्टर, सगळी त्याचीच पोरं. नंबर उचलून दुसऱ्या कंपनीत नेऊन ठेवला, इतकंच. भाच्याला म्हटलं, नंबर बंदर नाही केला, नंबराची हमाली केली. आपला हमालसुद्धा अरबीतल्या 'वाहून नेणे' या धातूवरूनच आलाय.

दुसरा, दारवाला. जहाजाच्या कुशीत तोफा ठेवायला चौकोनी भोकं पाडत आणि त्यांना झडपा लावत, त्या झडपांच्या तोंडांना गनपोर्ट म्हणत. ही दारं उघडी राहिली की काय होतं याचं उदाहरण म्हणजे इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचं 'मेरी रोझ' जहाज. 19 जुलै 1545 रोजी ऐन लढाईत ते एका अंगावर कललं, खालच्या रांगेतल्या उघड्या गनपोर्टांतून पाणी आत घुसलं आणि किनाऱ्यावरून लोक बघत असताना ते बुडालं. खोलीच्या गोल खिडकीला पोर्टहोल म्हणतात तेही याच दारावरून.

आता डावी बाजू. हे मला सगळ्यात आवडलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जुन्या काळी उत्तर युरोपातल्या जहाजांना मागे मधोमध सुकाणू नव्हतं. मागच्या बाजूला उजव्या कुशीवर एक जाडजूड रुंद वल्हं बांधलेलं असे आणि त्यानेच जहाज वळवत. म्हणून उजवी बाजू ती 'स्टीअर'ची बाजू, त्याचं पुढे स्टारबोर्ड झालं. (यातला बोर्ड म्हणजे जहाजाची कूस. ताऱ्यांचा आणि त्याचा काही संबंध नाही.) आता असं जहाज धक्क्याला लावायचं म्हटलं तर उजवी बाजू लावून चालेल का? वल्हं चिरडेल. म्हणून कायम डावी बाजू धक्क्याला. माल तिकडूनच चढायचा, म्हणून डाव्या बाजूला 'लारबोर्ड' म्हणू लागले, म्हणजे माल भरायची बाजू. फ्रेंचांनी त्याच बाजूला बाबोर म्हटलं, त्याचं मूळ 'पाठीची बाजू', कारण वल्हं धरणाऱ्याची पाठ तिकडे असायची.

वाऱ्यात ओरडून दिलेला स्टारबोर्ड आणि लारबोर्ड यांत कानाला फरक कळेल का? घरात बसून म्हणून बघा. 'पोर्ट' हा शब्द डावीकडच्या हुकमासाठी आधीपासून चालत होताच, धक्क्याकडची बाजू म्हणून. 1844 मध्ये ब्रिटिश नौदलाने लारबोर्ड बंद करून पोर्ट हाच शब्द पक्का केला, 1846 मध्ये अमेरिकी नौदलाने. म्हणजे ज्या अर्थाला खलाशी पुरातन समजतात तो अधिकृत होऊन जेमतेम एकशे ऐंशी वर्षंच झाली.

मग मला आजोबा आठवले. ते जहाजावरचं सांगताना पोर्ट-स्टारबोर्ड म्हणायचेच नाहीत. उजवी बाजू म्हणजे 'जमना' आणि डावी म्हणजे 'डावा'. गोऱ्या अधिकाऱ्याने पोर्ट म्हणायचं, सारंगाने खलाशांना डावा म्हणून सांगायचं. आमच्याकडे आजोबांच्या तोंडचे असे शंभर शब्द तरी होते. मला त्यांतले जेमतेम वीस आठवतात, आणि भाच्याला एकही माहीत नाही. याचं मला फार वाईट वाटतंय.

म्हणून हा धागा. पोर्टबद्दल कुणाला काही माहीत असेल ते लिहाच. पण आपल्या किनाऱ्यावर बंदर, धक्का, डावं-उजवं, सुकाणू, यासाठी तुमच्या घरात, वाडीत काय म्हणत तेही लिहा. एखादाच शब्द आठवत असेल तरी चालेल.

हर्णैचा_दालदी

चांगला धागा. आम्ही बोटवाले, पुस्तकातलं माहीत नाही, रोजचं सांगतो.

बोटीवर डावीकडे लाल दिवा, उजवीकडे हिरवा. हा नियम जगभर सारखा. दोन्ही दिवे समोरून सुरू होऊन बाजूच्या जरा मागेपर्यंतच दिसतात, 112.5 अंश. त्याच्या मागे फक्त पांढरा. यातून रात्री काय कळतं ते ऐका. काळोखात मला समोरच्या जहाजाचा लाल आणि हिरवा दोन्ही दिसले तर ते सरळ माझ्या अंगावर येतंय. फक्त लाल दिसला तर मला त्याची डावी कूस दिसत्येय, म्हणजे ते माझ्या उजवीकडून डावीकडे चाललंय. अशा वेळी वाट मी द्यायची. हिरवा दिसला तर त्याने द्यायची. जाळं टाकलेलं असलं तर नियम वेगळा. पण मुलाला शिकवताना मी एवढंच सांगितलं, लाल दिसला की तू थांब. रस्त्यावरच्या सिग्नलसारखं लक्षात राहतं.

आणि बंदर म्हणाल तर, हर्णै बंदर हे नाव सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक, पण वर्षानुवर्षं तिथे बोट लागेल असा धक्का नव्हता. बोटी पाण्यात उभ्या, मासळी छोट्या होडीतून काठाला, तिथून बैलगाडीत. बैल पोटापर्यंत पाण्यात उभे असायचे. संध्याकाळचा लिलाव वाळूवर. तरी ते बंदरच. बोटीला आसरा मिळतो ते बंदर, सिमेंट असो वा नसो.

कोड_आणि_कालवं

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, गाव गुहागरजवळ. आमच्या धंद्यात तुमचे दोन अर्थ रोज शेजारी शेजारी बसतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

कॉम्प्युटरला नेटवर्कवर एक पत्ता असतो, पण त्यावर एकाच वेळी अनेक कामं चालू असतात. मग येणारं माहितीचं पाकीट कुणाचं हे कसं ओळखायचं? म्हणून प्रत्येक कामाला दाराचा क्रमांक, तो पोर्ट. 0 पासून 65535 पर्यंत. साधी वेबसाईट 80 नंबरच्या दारात, कुलूपवाली 443 च्या. मोठा वाडा, एकच घरनंबर, आणि आत वेगवेगळी दारं. काम नसेल ते दार बंद ठेवायचं हा पहिला धडा, तुमच्या मेरी रोझसारखंच.

आणि त्याच दिवशी साहेब म्हणतो, "हे ॲप दुसऱ्या सिस्टीमवर पोर्ट कर." तिथे दाराचा संबंध नाही. तिथे ते उचलून न्यायचंय. पंधरा वर्षं दोन्ही वाक्यं ऐकतोय, हे दोन वेगळे शब्द आहेत हे आज कळलं.

माडाखाली

आमच्या लहानपणी एका काकांनी सांगितलेलं: इंग्रज साहेब बोटीने मुंबईला येताना डाव्या बाजूची खोली घ्यायचे आणि परत जाताना उजव्या, कारण त्या बाजूला ऊन कमी. पोर्ट आऊट, स्टारबोर्ड होम. त्याची आद्याक्षरं म्हणजे 'पॉश'. पॉश शब्द आपल्या मुंबईच्या बोटीतूनच जन्मला म्हणायचे. हे तुमच्या लेखात हवंच होतं.

खाडीकाठी

@माडाखाली, ही गोष्ट मीही वडिलांकडून ऐकली होती आणि ती खरी निघावी अशी फार इच्छा होती. पण तिला आधार नाही. अशी आद्याक्षरं छापलेलं एकही तिकीट आजवर मिळालेलं नाही. पॉश हा शब्द छानछोकीच्या माणसासाठी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजी बोलीत होताच, आणि त्याआधी रोमानी लोकांच्या भाषेतला पॉश म्हणजे अर्धा, त्यावरून अर्ध्या पेनीचं नाणं. बोटीची गोष्ट नंतर रचली गेली.

उन्हाचा भाग मात्र खोटा नाही. पूर्वेकडे येणाऱ्या जहाजाची डावी कूस उत्तरेला, तिथे ऊन कमीच लागणार. गोष्ट पटते म्हणूनच टिकली.

बांद्याची_सुमन

गोव्याच्या वेशीवरच्या गावची मी, तेव्हा बाटलीचं मी सांगते. आमच्याकडे ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे लग्नात, नाताळात गोड लाल पोर्ट असायचीच. बाळंतिणीला चमचाभर देत असत तेही मी पाहिलंय. (आता कुणी देऊ नये.)

खरी पोर्ट पोर्तुगालच्या दोरू नदीच्या खोऱ्यातली. द्राक्षाचा रस आंबत असताना मध्येच त्यात द्राक्षाचीच कडक दारू ओततात. आंबणं तिथेच थांबतं, रसातली साखर शिल्लक राहते, म्हणून ती गोड आणि तरीही जोरकस, वीस टक्क्यांच्या आसपास. इंग्रजांची फ्रान्सशी भांडणं, फ्रेंच वाइन मिळेना किंवा महाग पडे. 1703 च्या मेथ्यून तहाने पोर्तुगालच्या वाइनवर इंग्लंडमध्ये जकात कमी झाली आणि मग पिंपच्या पिंप तिकडे जाऊ लागली. भेसळ इतकी वाढली की 1756 मध्ये पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याने कुठल्या डोंगरावरची द्राक्षं चालतील याच्या हद्दीच आखून दिल्या. दगडाचे खांब पुरून.

ही पिंपं नदीतून खाली येत, नदीच्या तोंडाशी असलेल्या शहरातून जहाजावर चढत. शहराचं नाव पोर्तो, म्हणजे नुसतं 'बंदर'. पोर्तुगीज त्याला 'ओ पोर्तो' म्हणतात, 'ओ' हा त्यांच्याकडचा नामाआधीचा शब्द. इंग्रजांना वाटलं सगळं मिळून नाव, त्यांनी ओपोर्टो करून टाकलं. आणि देशाचं पोर्तुगाल हे नावही त्याच नदीच्या तोंडाशी असलेल्या 'पोर्तुस काले' या जुन्या ठिकाणावरून. म्हणजे बघा, बंदरावरून देश, बंदरावरून दारू. आणि त्याच देशाची माणसं आपल्या चौलला, कोर्लईला, गोव्यात येऊन पाव, बटाटा, चावी, पगार, लिलाव असे शब्द ठेवून गेली. हर्णैच्या दादांनी वर लिलाव लिहिलंय, तोही त्यांचाच.

निवृत्त_जकातवाला

बंदर फारसी आहे हे बहुतेकांना ठाऊक असेल. पण किनाऱ्यावर त्याच्याहून अधिक आपला असा एक शब्द आहे, मांडवी. मांडवी म्हणजे जकात घेण्याची जागा. रत्नागिरीची मांडवी, मुंबईतली मांडवी, कच्छची मांडवी. पश्चिम किनाऱ्यावर जिथे हे नाव दिसेल तिथे कधीकाळी माल उतरत होता आणि कुणीतरी वही घेऊन बसलं होतं. आता रत्नागिरीत मांडवी म्हटलं की लोकांना संध्याकाळची भेळ आठवते.

पासपोर्टचा उल्लेख कुणी केला नाही. फ्रेंचमधून आलेला, बंदरातून जाऊ देण्याचा परवाना. खलाशांच्या नोंदवहीला मात्र आपल्याकडे 'नळी' म्हणत. "नळी मिळाली का?" असं विचारलं की त्या घरचा मुलगा जहाजावर निघालाय हे वाडीला कळायचं.

खाडीकाठी

नळी! आजोबांच्या ट्रंकेत आहे. आईला विचारलं तर ती लगेच म्हणाली, "नळी ना, ती फोटोवाली." हा शब्द मी किमान तीस वर्षांनी ऐकला. मनापासून आभार.

संध्याताई_चिपळूण

मी लिहू की नको असा विचार करत होते. माझ्या बहिणीला दोन वर्षांपूर्वी केमो सुरू झाली. दर वेळी शीर सापडेना, हात काळेनिळे व्हायचे. मग डॉक्टरांनी सांगितलं, पोर्ट बसवू. गळ्याच्या हाडाखाली कातडीच्या आत एक छोटी डबी बसवतात, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी, आणि तिची नळी मोठ्या शिरेत जाते. मग सुई फक्त त्या डबीत टोचायची. वरून बोट फिरवलं की उंचवटा लागतो.

आम्हाला त्या दिवसांत हा शब्द नुसता दवाखान्याचा वाटायचा. ती म्हणजे बंदर असं काहीसं असेल असं मला वाटलं होतं. आज कळलं की दार. बहिणीला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, दारच ते, त्यातून औषध आत गेलं. आता ती बरी आहे, मार्चमध्ये पोर्ट काढला.

खाडीकाठी

संध्याताई, बरं केलंत लिहिलंत. ताईंना सांगा, भाट्याला या कधीतरी.

दर्यावर्दी_६८

मर्चंट नेव्हीत 34 वर्षं काढली. एक गोष्ट राहिली ती सांगतो, कारण त्यात मोठमोठे लोक गोंधळतात.

छोट्या होडीत मागे सुकाणूचा दांडा हातात धरून बसा. दांडा डावीकडे ढकला. होडी कुठे वळते? उजवीकडे. इंजिन लावलेल्या होडीचंही तसंच. जुन्या जहाजांवर हुकूम दांड्याला दिला जायचा, जहाजाला नाही. त्यामुळे "पोर्ट" असा हुकूम आला की दांडा डावीकडे जायचा आणि जहाज उजवीकडे वळायचं. पुढे चाकं आली, वाफेची यंत्रं आली, दांडा कुणाला दिसेनासा झाला, तरी हुकूम जुन्याच पद्धतीचा राहिला. 1912 साली टायटॅनिकवर हिमनग दिसल्यावर अधिकाऱ्याने हुकूम दिला "हार्ड अ स्टारबोर्ड" आणि जहाज वळलं डावीकडे. लोक आजही म्हणतात सुकाण्याने घाबरून उलटं फिरवलं. चूक. त्याने हुकमाप्रमाणेच केलं. 1930 च्या दशकात ठरलं की जी बाजू बोलाल तिकडेच जहाज वळेल, आणि तो घोळ मिटला.

सुकाणी म्हटलं यावरून, आपला सुकाणू हा अरबी 'सुक्कान'वरून. इंग्रजांनी सुकाणीचं सीकनी केलं. सारंग फारसी 'सरहंग'. दोर खाली सोडायचा असेल तर सारंग ओरडायचा 'आर्या', तो पोर्तुगीज. मी लागलो तेव्हा जुने सारंग अजून होते, त्यांच्या तोंडी अरबी, फारसी, पोर्तुगीज, गुजराती, सगळं एका वाक्यात. आणि तुमच्या आजोबांचा 'जमना' गुजरातीतून. गुजरातीत जमणो हात म्हणजे उजवा हात, आणि जमवुं म्हणजे जेवणं.

देवबागकर

मालवणीत लिवतंय, समजून घेवा. माजो आजो मालवणाक पडाव चालवी. आगबोट भायर खोल पाण्यात उभी रवायची, किनाऱ्याक येवक तिका पाणी पुरा पडा नाय. मगे लोकांका पडावात घालून बोटीपाशी न्हेवचा. लाटेबरोबर पडाव वर गेलो की दोघा जणां बायलमाणसाचो हात धरून शिडीर चढवीत. लाट चुकली तर पाय पाण्यात. म्हातारी माणसां अजून सांगतत.

त्यामुळे आमच्याकडे 'बोट लागली' ह्या वाक्याचे दोन अर्थ. एक, बोट बंदराक लागली. दुसरो, बोटीत बसान पोटात ढवळला. आजयेक दोनय एकदम होयत.

संस्कृतची_मास्तरीण

मूळ लेखात तीन लॅटिन शब्द सांगितलेत, त्यांच्या पलीकडे एक पायरी आहे आणि ती आपल्या अंगणात येते. पोर्तुस, पोर्ता, पोर्तारे या तिघांचं मूळ एकच मानतात, 'पलीकडे जाणे, पार करणे' या अर्थाचा एक फार जुना धातू. त्याच धातूवरून संस्कृतात 'पार'. नदीच्या पलीकडचा काठ. ग्रीकमधला 'पोरोस' म्हणजे वाट, पलीकडे जायचा मार्ग. इंग्रजीतलं फेरी, फोर्ड म्हणजे नदीतला उतार, नॉर्वेचे फ्योर्ड, सगळी याच कुळातली. म्हणजे दाभोळहून फेरी बोटीत बसून आपण धोपाव्याला खाडी पार करतो, त्या वाक्यात फेरी आणि पार हे चुलत भाऊ शेजारी बसलेले असतात. (आपली 'तर', म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, मात्र वेगळ्या धातूची, 'तरणे'ची.)

आणि एक शब्द मला वर्गात सांगायला फार आवडतो. अपॉर्च्युनिटी. लॅटिनमध्ये 'ओब पोर्तुम' म्हणजे बंदराच्या दिशेने. जो वारा जहाजाला बंदराकडे आणतो तो 'ओपोर्तुनुस', त्यावरून संधी. कोकणातल्या मुलाला हे समजावावं लागत नाही. पाचवी-सहावीत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकतो. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई, त्यावर शीड लावून बाहेर जायचं. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटला की त्यावर परत यायचं. माझ्या वर्गात एकदा हे सांगितलं तर मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, म्हणजे अपॉर्च्युनिटी म्हणजे खारा वारा." याहून चांगलं भाषांतर मला आजवर सुचलेलं नाही.

हर्णैचा_दालदी

बाई, नुसता खारा वारा येऊन भागत नाही. इंजिन नव्हतं तेव्हा वडील सांगायचे, वारा धरायचा तर तो सुटायच्या आधी शीड तयार हवं. दोन तास उशीर झाला की खाडीच्या तोंडाशी ओहोटी लागते, मग वारा असून बोट आत येत नाही.

कोड_आणि_कालवं

पोर्टर नावाची काळी बिअरही आहे. अठराव्या शतकातल्या लंडनमधल्या हमालांची आवडती, म्हणून ते नाव. आणि ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमध्ये मुलं शाळेच्या दप्तराला पोर्ट म्हणतात, पोर्टमँटो या प्रवासी पेटीच्या नावावरून. ऑफिसातल्या तिकडच्या मित्राने सांगितलं.

माडाखाली

पॉशची गोष्ट खोटी निघाल्याचं वाईट वाटलं, पण कळलं ते बरं. आता घरचा शब्द. आमच्या आजीकडे पावसात 'बंदर पडलं' म्हणत, म्हणजे बोटी बंद. आणि नारळी पौर्णिमेला 'बंदर उघडलं'. बंदर ही जागा आहे असं आजी कधी बोललीच नाही. बंदर म्हणजे तिच्यासाठी वर्षातले आठ-नऊ महिने.

खाडीकाठी

सगळ्यांचे शब्द एका वहीत उतरवून काढलेत. जमना, डावा, आर्या, नळी, मांडवी, बंदर पडलं. माझ्या आठवणीतले वीस आणि इथले मिळून बत्तीस झाले. आई आता रोज जेवताना एखादा सांगते. काल 'पडाव' ऐकून तिने तिच्या माहेरचं आखं प्रवासवर्णन केलं.

भाच्याला घेऊन परवा सांजवेळी मिरकरवाड्याच्या बाजूला गेलो होतो. काळोख पडत होता, बोटी परत येत होत्या. हर्णैच्या दादांनी सांगितलेलं त्याला सांगितलं होतं. लांबवर एक दिवा दिसला. तो म्हणाला, लाल, म्हणजे तिची डावी कूस. थोड्या वेळाने त्याच्या शेजारी हिरवा दिसला. तो उठून उभा राहिला आणि ओरडला, "मामा, आपल्याकडेच येतेय." बोट खरंच सरळ आमच्या दिशेने वळली होती. धक्क्यापाशी आल्यावर तिने इंजिन कमी केलं, आणि आधी डावी बाजू लावली.

त्याने माझ्याकडे बघितलं. "आजोबा काय म्हणायचे याला?"

मी म्हटलं, "डावा."